दुधाच्या दरात कालवड कुठे आहे?

दूधदरासाठी रस्त्यावर दूध ओतलं गेलं, मंत्रालयात बैठका झाल्या, समित्या बसल्या आणि उठल्या. पेंडीचे भाव किती वाढले, पावडरीला उठाव का नाही, मधले लोक किती खातात, यावर तासन्‌तास बोलणं झालं. कालवडीचं नाव मात्र मी एकाही नेत्याच्या तोंडून ऐकलं नाही. ती दूध देत नाही. तिचा फॅट लागत नाही, डिग्री लागत नाही, संकलन केंद्रावर तिची पावती निघत नाही. दोन-अडीच वर्षं ती फक्त खाते, आणि तिचं खाणं शेजारी बांधलेल्या गाईच्या दुधातून निघतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुठल्याही बैठकीत उभी राहून सांगायला तयार आहे: महाराष्ट्रात दुधाला जो दर मिळतो, त्यात उद्याची गाय धरलेली नाही. आजचं दूध विकताना आम्ही उद्याचा गोठा मोडतो आहोत.

नगर जिल्ह्यात आमचा संकरित होल्स्टीन गाईंचा गोठा आहे. दूध घालायला घरचे पुरुष जातात. गोठ्याची वही मी लिहिते. त्यामुळे भावनेच्या आधी आकडे मांडते. भाव आमच्या भागातले, गोल करून घेतलेले आहेत.

कालवड जन्मते तेव्हा तीस किलोच्या आसपास भरते. पहिले तीन महिने तिला नीट दूध पाजायचं तर अडीचशे लिटर जातं. तीस रुपयांनी ७,५०० झाले. तीन ते सहा महिन्यांत वासरांचं खाद्य रोज सव्वा किलो धरलं, तर ४,०००. सहा महिन्यांपासून चोविसाव्या महिन्यापर्यंत रोज दोन किलो गोळी पेंड, म्हणजे १,०८० किलो. तीस रुपयांनी ३२,४००. हिरवी वैरण सरासरी रोज बारा किलो, अडीच रुपयांनी, १९,२००. कडबा, भुसा मिळून ९,०००. जंताचं औषध, गोचिडाचं औषध, लसी, खनिज मिश्रण, रेतन, डॉक्टरांच्या खेपा, ५,०००. इथपर्यंत ७७,००० झाले. यात मजुरी नाही. तिच्यासाठी दिवसाला फक्त अर्धा तास धरला, तरी दोन वर्षांत ३६५ तास होतात. तासाला पन्नास रुपयांनी १८,०००. दोन वर्षं अडकून पडलेल्या पैशाचं व्याज सात-आठ हजार. आणि जन्मलेल्या सगळ्या कालवडी वितात असा गोठा मी पाहिलेला नाही. एखादी हगवणीने जाते, एखादी गोचीडतापाने, एखादी माजावरच येत नाही, जुळ्यात पाड्याबरोबर जन्मलेली तर बहुधा वांझच निघते. त्यांच्यावर झालेला खर्च जगलेल्यांच्याच अंगावर पडतो. त्याचे पाच हजार धरा. सगळं मिळून एक लाख आठ हजार रुपये.

हा आकडा कुणाला जड वाटत असेल तर त्याने स्वतःचे भाव घालून मांडून बघावा. चारा घरचा आहे म्हणून तो फुकट, असं म्हणणाऱ्यांचं मात्र मी ऐकून घेणार नाही. ज्या वीस गुंठ्यांत नेपियर उभा आहे, तिथे कांदा उभा राहिला असता. त्याला पाणी लागलं, खत लागलं, वीजबिल आलं. घरच्या चाऱ्याची किंमत शून्य धरायची सवय ही शेतकऱ्याला शिकवलेली सगळ्यांत महाग सवय आहे.

आता ही लाखाची कालवड व्याली, की काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात तिला काय मिळतं? पंधरा-अठरा लिटरची पहिलारू असेल, दुधाला दर असेल, तर सत्तर ते नव्वद हजार. दर पडला असेल तर पन्नास-साठ. म्हणजे चांगल्या दिवसांतही ती वाढवणारा वीस हजारांनी खाली येतो. आणि ती न विकता स्वतःच्या दावणीला ठेवली तर? संकरित गाय आमच्याकडे सरासरी चार वेतं चालते. वेताला साडेतीन हजार लिटर धरले तर तिच्या हयातीत चौदा हजार लिटर दूध निघतं. एक लाख आठ हजारांना चौदा हजारांनी भागा. लिटरमागे सात रुपये सत्तर पैसे येतात.

या सात रुपयांकडे जरा थांबून बघा. २०२३ च्या जुलैत सरकारने ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला ३४ रुपये दर ठरवून दिला. हिवाळा येईपर्यंत तो २५ ते २७ वर घसरला होता. मग २०२४ च्या जानेवारीत २७ रुपयांवर ५ रुपये अनुदान आलं. जुलैत ३० अधिक ५ झाले. ऑक्टोबरपासून २८ अधिक ७. अनुदानाचे हे जास्तीत जास्त सात रुपये, ज्यांच्यासाठी इतकं रान उठवावं लागलं, ते एकट्या कालवडीच्या खर्चालाही पुरत नव्हते. त्यातून गाईच्या पेंडीचा, वैरणीचा, विजेचा, माणसाचा एक पैसा निघत नव्हता. आणि ज्या कालवडीचा जन्म २०२३ च्या जुलैत ३४ रुपयांचा दर बघून आनंदाने साजरा झाला, ती रेतनाच्या वयाला आली ऑक्टोबर २०२४ मध्ये. तिच्या पोटात गर्भ राहायच्या आधी दर चार वेळा बदललेला होता. दोन वर्षांनी दूध सुरू होणारी गुंतवणूक, आणि दराची खात्री पुढच्या दहा दिवसांच्या बिलापुरतीसुद्धा नाही. कुठला कारखानदार असा पैसा लावेल?

विद्यापीठातले अर्थशास्त्र शिकवणारे सांगतील की उत्पादन खर्चात गाईचा घसारा धरलेला असतो. असतो. पण कशावर धरतात? गाईच्या बाजारभावावर. आणि बाजारभाव तिला वाढवण्याच्या खर्चापेक्षा कमी आहे, हेच तर माझं दुखणं आहे. सत्तर हजारांवर घसारा काढला की हिशोब सुबक दिसतो. उरलेले अडतीस हजार कोण सोसतं, हा प्रश्न त्या तक्त्यात उमटत नाही.

मी सांगते कोण सोसतं. पहिली सोसते ती कालवड स्वतः.

गाईच्या पोटात असताना वासराला आईच्या रक्तातून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून मिळते, आणि ती शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची ताकद तासातासाने कमी होत चोवीस तासांत जवळपास संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत अडीच-तीन लिटर चीक पोटात गेला पाहिजे. गावोगाव काय चालतं? वार पडेपर्यंत वासराला पाजायचं नाही. वार पडायला सहा तास लागोत की बारा. कुणी सांगितलं हे, कुठून आलं, कुणाला माहीत नाही. पण पाळतात सगळे. वासराने ढुशा दिल्या, सड ओढले, तर उलट वार लवकर सुटायला मदत होते. तरी तो लहान जीव कोरड्या तोंडाने आईकडे बघत बांधलेला असतो. आणि चीक जातो कुठे? पहिल्या दिवसाचा घट्ट, पिवळा चीक खरवसाला सगळ्यांत चांगला, म्हणून त्याला शहरातून मागणी असते आणि भाव दुधाच्या कितीतरी पट मिळतो. चांगली गाय वासराच्या गरजेपेक्षा जास्त चीक देते. उरलेला विकायला माझी हरकत नाही. पण आधी वासरू, मग खरवस. ज्या घरात हा क्रम उलटा आहे, त्या घरातली कालवड महिनाभरात हगवणीने गेली, तर ‘दृष्ट लागली’ म्हणू नये.

जगली, तर पुढे दुधाची चोरी सुरू होते. आठवड्याभरात तिच्या वाट्याला एक सड, पंधरा दिवसांत अर्धा, महिन्याने नुसतं पान्हा सोडण्यापुरतं तोंड लावायचं. मग तिला गोठ्याच्या अंधाऱ्या टोकाला आखूड दाव्याने बांधतात आणि गाईंनी टाकलेली उष्टी वैरण तिच्यापुढे लोटतात. हंगामात उसाचे वाढे. वाढ्यातलं ऑक्झलेट अंगातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, हे माहीत असूनही वाढेच. कारण ते स्वस्त आहेत. अशा खाण्यावर कालवड दिवसाला पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम वाढते. पहिल्या रेतनाला तिचं वजन अडीचशे ते पावणेतीनशे किलो हवं. तीस किलोपासून दोनशे साठपर्यंत पंधरा महिन्यांत जायचं तर दिवसाला पाचशे ग्रॅमच्या वर वाढ पाहिजे. पावणेतीनशे ग्रॅमने तिथवर पोहोचायला सत्तावीस महिने लागतात. म्हणजे ती विते तीन वर्षांची होऊन.

आणि इथे शेतकरी ज्याला बचत समजतो ती त्याच्याच गळ्याला येते. दोन वर्षांऐवजी तीन वर्षं सांभाळायची, तर त्या जादा वर्षात रोज किलोभर पेंड, अठरा किलो हिरवी वैरण आणि तीन किलो कडबा धरला तरी शहाण्णव रुपये होतात. वर्षाला पस्तीस हजार. शिवाय एक अख्खं वेत हुकलं. पहिल्या सहा महिन्यांत दुधा-पेंडीचे चार-पाच हजार वाचवले आणि मागून पस्तीस हजार घातले. मी हे माझ्या भावकीत, शेजारात, महिला मंडळात सांगते. ऐकतात. पटतं. आणि दुसऱ्या दिवशी वासराच्या तोंडातून सड सोडवतात, कारण दहा दिवसांच्या बिलावर पेंडीच्या दुकानदाराची उधारी कापली जाते आणि पुढच्या दहा दिवसांची पोतीही त्याच्याकडूनच आणायची असतात. पस्तीस हजार तीन वर्षांनी जाणार. दोन लिटरचे साठ रुपये आज संध्याकाळी हवेत. अज्ञान म्हणून या शेतकऱ्याला प्रशिक्षणाला बसवणाऱ्यांचा मला संताप येतो. त्याला कळतं. त्याच्याजवळ थांबायला पैसा नाही.

सोसणारी दुसरी म्हणजे घरातली बाई. वासराला बाटलीने पाजणं, त्याचं शेण काढणं, पोट फुगलं तर रात्री उठून बघणं, माज ओळखणं, हे सगळं तिचं काम. कालवड माजावर आली हे घरात आधी तिला कळतं. दुधाचं खातं मात्र नवऱ्याच्या नावावर, डेअरीचं सभासदत्व सासऱ्याच्या नावावर. मी वर धरलेला अर्ध्या तासाचा रोज तिला कधी मिळालेला नाही, मलाही नाही. कालवडीचं संगोपन ‘परवडतं’ असं जेव्हा कुणी छातीठोकपणे सांगतो, तेव्हा त्याने हे अठरा हजार शून्य धरलेले असतात. ते पुन्हा लिहा आणि मग परवडतं का ते बोला.

आता सरकारकडे येते. दुधाळ जनावरांचे गट वाटप करण्याची योजना आपल्याकडे वर्षानुवर्षं चालू आहे. दोन गाई घ्या, गाईमागे ७०,००० रुपये किंमत धरली जाते, सर्वसाधारण गटाला निम्मं अनुदान, अनुसूचित जाती-जमातींना पाऊणपट. म्हणजे बाजारात जाऊन दुसऱ्याची गाय विकत आणणाऱ्याला सरकार पस्तीस हजार द्यायला तयार आहे. तीच गाय ज्याने जन्मापासून घरी वाढवली, त्याला मिळणारा आकडा मला कुठल्या शासन निर्णयात शोधून दाखवा. २०१० साली नाबार्डमार्फत सुरू झालेल्या डेअरी उद्योजकता विकास योजनेत वीसपर्यंत कालवडी वाढवण्याचा घटक होता. मी त्यासाठी एका बँकेच्या शाखेत गेले होते. साहेबांनी विचारलं, ‘‘ताई, दूध सुरू नाही तर हप्ता कशातून भरणार?’’ प्रश्न त्यांच्या बाजूने बरोबर होता. पण मग त्या घटकाचा उपयोग काय? ज्या कर्जाची परतफेड पहिल्या वेतानंतर सुरू व्हायला हवी, त्याचा हप्ता पहिल्या महिन्यापासून मागायचा आणि मग म्हणायचं, मागणीच आली नाही.

लम्पीच्या साथीत, २०२२ साली, दगावलेल्या जनावरांना मदत जाहीर झाली. दुधाळ गाईला ३०,०००, बैलाला २५,०००, वासराला १६,०००. साथीच्या धावपळीत मदत मिळाली हे मी नाकारत नाही, आणि ती अनेकांच्या उपयोगी पडली. पण या रकान्यात दुधाळ, ओढकाम करणारं आणि वासरू एवढेच प्रकार होते. सात महिन्यांची गाभण कालवड, जिच्यावर नव्वद हजार खर्च होऊन गेलेत, ती कुठल्या रकान्यात बसते? ती दुधाळ नाही. वासरूही नाही. सरकारी कागदाला तिचं वयच माहीत नाही.

दुधाच्या त्या अनुदानासाठीच गाईंच्या कानांत बिल्ले ठोकले, आधार जोडलं, बँक खाती जोडली, नोंदी संगणकावर गेल्या. चांगलं झालं. कालवडींच्या कानांतही तेच बिल्ले आहेत. त्यांची जन्मतारीख, लस, रेतन, सगळं त्या नोंदीत बसतं. जनावर ओळखण्याची सोय नाही, हे कारण आता कुणाला देता येणार नाही.

‘वाढवायची कशाला, विकत आणा,’ असा सल्ला देणारे आमच्या भागात पुष्कळ आहेत. एका मोठ्या गोठ्याच्या मालकाने मला सरळ सांगितलं, ‘‘वहिनी, कालवडीच्या जागेवर दुधाची गाय बांधा. गाय लागली की बंगळुरूवरून गाडी येते.’’ गाडी येते, हे खरं आहे. कर्नाटकातून येते, पंजाब-हरियाणातून येते. त्या गाडीतून काय काय येतं तेही सांगा. दूध तुंबवून कास फुगवलेली गाय येते, जी घरी तिसऱ्या दिवशी निम्म्यावर येते. एक सड बंद असलेली येते. थंड मुलखातून आलेली आमच्या एप्रिलमध्ये धापा टाकते आणि इथल्या गोचिडाशी तिची ओळख नसल्याने पहिल्या पावसाळ्यात आडवी होते. आणि सांसर्गिक गर्भपाताचा रोग येतो. ब्रुसेलाची लस कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात द्यायची असते. ती तिला दिली होती का, हे हेड्याला माहीत नसतं आणि माहीत असलं तरी तो सांगत नाही. एक आजारी गाय गोठ्यात आली की शेजारच्या गाभडायला लागतात, आणि वार काढणाऱ्या माणसाला, कच्चं दूध पिणाऱ्या पोराला महिनोन्‌महिने हटत नाही असा ताप येतो. घरच्या कालवडीची आई मला माहीत आहे, आजी माहीत आहे, कोणत्या वळूचं रेत होतं त्याचा नंबर वहीत आहे. ही माहिती विकत मिळत नाही.

शिवाय, सगळ्यांनीच विकत आणायचं ठरवलं तर वाढवणार कोण? कुठल्या तरी राज्यातली कुठली तरी बाई आपल्याला स्वस्तात गाय वाढवून देईल, या भरवशावर एवढा मोठा धंदा उभा आहे. अमेरिकेत काय झालं ते बघा. तिथे २०१९ च्या सुमाराला व्यायला आलेली कालवड १,२०० डॉलरच्या आसपास जात होती आणि ती वाढवायला त्याहून बराच जास्त खर्च येत होता. शेतकऱ्यांनी मोजक्याच गाईंपासून कालवडी घ्यायला सुरुवात केली आणि बाकीच्यांना मांसाच्या जातीच्या वळूंचं रेत भरलं. २०२५ च्या सुरुवातीला त्या देशातल्या दुधाच्या कालवडी ३९ लाखांवर आल्या, १९७८ नंतरचा सर्वांत कमी आकडा. आणि त्याच वर्षी भाव ३,००० डॉलरच्या पुढे गेला. तिथल्या शेतकऱ्याला नको असलेलं वासरू विकायचा रस्ता होता. आमच्याकडे तो रस्ता नाही, म्हणून आमचा शेतकरी वासरू उपाशी ठेवतो. हे वाक्य लिहिताना मला त्रास होतो, पण गोठ्यागोठ्यांत हेच चाललं आहे, आणि पाड्यांच्या बाबतीत तर उघड चाललं आहे.

गाईच्या कत्तलीला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने बंदी होतीच. २०१५ मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. ज्यांची गाईवर श्रद्धा आहे त्यांच्याशी माझं भांडण नाही. आमच्याही घरात वसुबारसेला गाय-वासराची पूजा होते. पण कायदा केला की खर्च संपत नाही. संकरित पाडा नांगराला चालत नाही, उन्हात टिकत नाही. त्याला कुणी घेत नाही. भाकड गाईलाही गिऱ्हाईक नाही. जनावरांची गाडी रस्त्यात अडवली जाईल या भीतीने प्रामाणिक व्यापारीही हात लावत नाही. पूर्वी जुनी गाय जाताना नव्या कालवडीच्या खर्चातला थोडा तरी भाग देऊन जायची. आता ती उरलेलं आयुष्य त्याच दावणीवर, कालवडीच्या वाट्याच्या वैरणीवर काढते, नाहीतर रात्री कुठेतरी सोडून दिली जाते. समाजाला तिला जगवायचं असेल तर समाजाने तिच्या वैरणीचे पैसे द्यावेत. पुण्य सगळ्यांचं आणि खर्च एकट्या दहा गाईंच्या मालकाचा, ही वाटणी मला मान्य नाही.

यावर उतारा म्हणून आता लिंगनिश्चित रेतमात्रा आल्या आहेत. शंभरातल्या नव्वद कालवडी होतात. मी त्यांच्या बाजूची आहे. पाडा जन्मालाच न येणं हे त्याला उपाशी मारण्यापेक्षा कधीही बरं. पण दुप्पट कालवडी जन्माला घालायला अनुदान आणि जन्मलेल्या कालवडीच्या खाद्याला काही नाही, याचा अर्थ काय होतो? गावात आज दहा कालवडी खुरटतात, उद्या अठरा खुरटतील. उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये ‘बाएफ’ संस्था उभी केली, गावोगाव संकर पोहोचला, राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ तयार केली. रेतावर या राज्यात मोठ्या माणसांनी मोठं काम केलं. ते रेत ज्या पोटात वाढणार, त्या पोटाला वयात येईपर्यंत काय खायला घालायचं, याची जबाबदारी मात्र कुणी घेतली नाही.

केरळने घेतली. तिथे १९७६ पासून विशेष पशुपैदास कार्यक्रम चालू आहे. निवडलेल्या कालवडीची चार-सहा महिन्यांची असतानाच नोंद होते आणि ती विईपर्यंत तिच्या मालकाला निम्म्या दरात खाद्य मिळतं, सोबत विमा. आता त्या योजनेचं नाव ‘गोवर्धिनी’ आहे. त्या योजनेतही उणिवा असतील. पण कालवड ही राज्याच्या दुधाची पायाभरणी आहे, हे त्या राज्याने जवळपास पन्नास वर्षांपूर्वी मान्य केलं आणि पुढे आलेल्या सरकारांनी ते मोडलं नाही. आमच्याकडे सहकाराच्या नावाने एवढ्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या, आणि तालुक्याच्या दूध संघाच्या अंदाजपत्रकात कालवडीच्या नावाचा एक रकाना निघत नाही. दिवाळीचा फरक लिटरवर वाटतात. ज्याने या वर्षी तीन कालवडी पोसल्या त्याला, आणि ज्याने सगळी वासरं सोडून देऊन जास्त दूध घातलं त्याला, लिटरमागे सारखाच फरक. उलट दुसऱ्याला जास्त, कारण त्याचं दूध जास्त.

मला काय हवं ते स्पष्ट सांगते. तीन महिन्यांच्या वयापासून विईपर्यंत प्रत्येक बिल्ला लावलेल्या कालवडीला संघाकडून निम्म्या दरात खाद्य. ते पैसे वजनावर बांधा: छातीचा घेर मोजायची फीत वीस-तीस रुपयांत मिळते, रेतनाला येणारा माणूस ती लावून आकडा नोंदवू शकतो. सहाव्या महिन्याला वजन नाही, तर पुढचं खाद्य नाही. मग बघा वासराच्या तोंडातून सड कोण सोडवतो ते. कर्जाचा हप्ता पहिल्या वेतानंतर. विम्यात आणि मदतीत गाभण कालवडीचा वेगळा रकाना, दुधाळ गाईच्या बरोबरीने. आणि खाद्याचं खातं घरात जी कालवड सांभाळते तिच्या नावावर.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न लगेच येईल. शहरात जी पिशवी ग्राहक घेतो, तिच्या किमतीत आणि आमच्या हातात पडणाऱ्या दरात लिटरमागे वीस रुपयांहून जास्त अंतर आहे. त्यातला एक रुपया बाजूला काढा. दहा गाईंचा गोठा वर्षाला पस्तीस हजार लिटर दूध घालतो. म्हणजे पस्तीस हजार रुपये जमा झाले. तो गोठा टिकायला वर्षाला निदान दोन कालवडी उभ्या राहाव्या लागतात. तीन महिन्यांच्या वयापासून विईपर्यंत त्या दोघींच्या वासरखाद्याचा आणि गोळी पेंडीचा खर्च, मी वर मांडलेल्या भावाने, बहात्तर हजार आठशे. त्याचे निम्मे छत्तीस हजार चारशे. म्हणजे लिटरमागचा तो एक रुपया त्याला जवळपास पुरतो.